राख अचित्त असते, पण ती कशाची राख?



चातुर्मास जवळ आला की आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. राख कुठून आणायची? रामदासपेठेत आता चूल उरली आहे कुणाकडे? घराघरांत गॅस आहे, काहींकडे इंडक्शन आहे. तरीही आपल्या घरांना राख लागतेच. साधू-साध्वीजींच्या धोवन पाण्यासाठी लागते, लोचासाठी लागते, तांब्या-पितळेची भांडी घासायला लागते. काही सासूबाई अजून मूग-मटकीला राख लावून ठेवतात, आणि जुन्या पिढीतल्या कुणाकुणाच्या घरी दातांना राखुंडीही असते.

मग आपण काय करतो? कुणी चौकीदाराला सांगते की सकाळी शेकोटी विझली की डबाभर राख आणून दे. कुणी इस्त्रीवाल्याकडून घेते, कुणी ढाब्याच्या तंदूरमधून मागवते, कुणी शेजारच्या बांधकामावरच्या चुलीतून. डब्यात भरली, चाळून घेतली की सगळ्या राखा सारख्याच करड्या दिसतात. चाळल्यावर राख ती राखच, असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटतात.

माझं मत नेमकं उलट आहे. राखेत काय आहे हे चाळणीने कळत नाही, काय जळलं होतं ते विचारल्यावर कळतं. घरातला आणि रस्त्यावरचा कचरा जाळून झालेली राख भांड्याला, पाण्याला, कुंडीला आणि कुणाच्याही अंगाला लावण्याच्या लायकीची नसते. आणि ती मुळात तयारच होऊ नये, ही जबाबदारीही आपलीच आहे.

आग काय नेते आणि काय ठेवते

आमटी फार वेळ उकळत राहिली तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं आणि आमटी खारट लागते. कचरा जाळताना हेच होतं. कागद, पानं, प्लास्टिक, चिंध्या यांचा मोठा भाग धूर आणि वायू होऊन जातो. पण कचऱ्यात जे शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक असतं, ते जळून नाहीसं होत नाही. ते मूलद्रव्य आहे. आग त्याचं रूप बदलू शकते, त्याला संपवू शकत नाही.

समजा पाच किलो कचरा पेटवला आणि मागे अर्धा किलो राख राहिली. जो धातू पाच किलोंत विखुरलेला होता, त्यातला न उडालेला सगळा आता अर्ध्या किलोत गोळा झाला. म्हणजे जवळजवळ दहापट दाट. काही धातू धुराबरोबरही जातात. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो, त्याला साधी शेकोटी पुरते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतो, त्याचा काही भाग धुराच्या कणांना चिकटून वर जातो आणि आसपासच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर बसतो. शिसं मात्र बरंचसं राखेत आणि काजळीत राहतं. म्हणून धूर गेला म्हणजे त्रास गेला, हे समजणं चुकीचं आहे. धूर तासाभरात जातो. राख तिथेच पडून असते.

हे धातू आपल्या कचऱ्यात येतात कुठून?

आपल्या कचऱ्यात धातू कुठे आहेत, आपण काही कारखाना चालवत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण केराचा डबा एकदा डोळ्यांपुढे आणा.

रिमोटचे आणि घड्याळाचे सेल. मुलांची सेलवर चालणारी खेळणी, ज्यांच्या आत छोटी सर्किटची पट्टी असते आणि तिला जुन्या पद्धतीचं डाग लावलेलं असेल तर त्यात शिसं असतं. जुना सीएफएल दिवा, ज्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. पीव्हीसीचे पाइपचे तुकडे, वायरचं आवरण, जुनं रेक्झिन. पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात वर्षानुवर्षं शिशाचे आणि कॅडमियमचे क्षार घातले गेले. पिवळ्या, केशरी, लाल रंगांची स्वस्त प्लास्टिकं, ज्यांच्या रंगात शिसं, क्रोमियम किंवा कॅडमियम असू शकतं. दिवाळीनंतर झाडून काढलेला फटाक्यांचा कचरा.

आणि रामदासपेठेत आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडचे जुने बंगले पाडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत. त्या बंगल्यांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, जाळीची कपाटं यांवर कित्येक वर्षांचे रंगाचे थर असतात. आपल्या देशात घरगुती रंगात शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात याहून कितीतरी पट शिसं असू शकतं. चांगलं सागवान विकलं जातं, पण फुटकी फळी, मोडकी चौकट चुलीत किंवा शेकोटीत जाते. लाकूडच आहे, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण ती लाकडाची राख नसते, रंगाची राख असते. प्लायवूडच्या तुकड्यांत डिंक आणि वरून सनमायका असतो. वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेल्या लाकडात आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं असू शकतं.

नागपूरची थंडी आपल्याला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळीचा चौकीदार शेकोटी पेटवणारच. त्यात पानं असतात, खोकी असतात, दुधाच्या पिशव्या असतात, थर्माकोल असतो आणि वरून एक रंगवलेली फळी. उन्हाळ्यात कडुनिंबाची, पिंपळाची पानं झाडून ढीग केला जातो, त्यात रस्त्यावरची चमकदार पाकिटं मिसळतात आणि कुणीतरी काडी लावतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन राख मागायला आपण जातो.

पाण्याचा हिशेब

आता आपल्या अगदी जिव्हाळ्याच्या जागी येऊ. धोवन पाणी.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे. त्यात एका लिटरला शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम. किती बारीक माप आहे पाहा. आता उदाहरण म्हणून धरा की एखाद्या कचऱ्याच्या राखेत किलोमागे अर्धा ग्रॅम शिसं आहे. तशी एक ग्रॅम राख, म्हणजे बोटांच्या चिमटीत मावेल एवढी, पाण्यात घातली तर तिच्यात अर्धा मिलिग्रॅम शिसं आलं. एका लिटरच्या मर्यादेच्या हे पन्नासपट आहे. सगळं शिसं काही पाण्यात उतरत नाही. राख तळाशी बसते, वरचं पाणी आपण निथळून आणि गाळून घेतो. पण पन्नासातला एक भाग जरी उतरला तरी मर्यादा गाठली. आणि आपण चिमूटभर घालत नाही, मूठभर घालतो.

काही जणी म्हणतात, पाणी उकळून घेऊ. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटलं तर आमटीतल्या मिठासारखा तो थोडा वाढतोच. दुहेरी कापडाने गाळल्यावर कण अडतात, विरघळलेलं शिसं अडत नाही.

त्यात साधू-साध्वीजी आपल्या घरी एकदा पाणी घेतात, पण पूर्ण चातुर्मासात तेच पाणी दारोदार घेतात. ते राख कुठली म्हणून विचारतातही, पण उत्तर आपण देणार. चौकीदाराने दिली, हे उत्तर पुरेसं नाही. लोचाच्या वेळी तीच राख बोटांना आणि केसांना लावली जाते, टाळूवर बारीक जखमा असतात, जवळून श्वासात उडते. ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून पात्र पुढे केलं, त्यांच्या पात्रात काय जातं याची काळजी आपण घ्यायची.

इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. धोवन म्हणजे राखेचंच पाणी, असं काही नाही. आचारांग सूत्रात साधूंनी घ्यायच्या पाण्यांत तांदळाचं धुवण, तिळाचं धुवण, कोंड्याचं, जवाचं धुवण अशी नावं आहेत. खात्रीची राख मिळत नसेल तर तांदूळ धुतलेल्या पाण्याविषयी आपल्या स्थानकातल्या साध्वीजींना विचारा. निर्णय त्यांचा असेल, पण विचारणं आपलं काम आहे.

बाईच्या आणि बाळाच्या शरीरात काय होतं

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाचपट शोषून घेतं. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, लक्ष लागत नाही, शिकणं मागे पडतं, आणि हे नुकसान पुढे भरून येत नाही. युनिसेफने २०२० साली एका संस्थेबरोबर अहवाल काढला होता. त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एका मुलाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचा अंदाज दिला आहे. हे सगळं काही राखेमुळे नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, रंग, मसाल्यांतली भेसळ अशी अनेक कारणं आहेत. पण राख हे आपल्या हातातलं कारण आहे.

मोठ्या बाईच्या अंगात गेलेलं शिसं हाडांत साठतं. गरोदरपणात आणि पुढे पाळी जाताना हाडांतलं कॅल्शियम बाहेर येतं, तेव्हा त्याबरोबर ते शिसंही रक्तात उतरतं. म्हणजे आजीच्या वयात केलेल्या हेळसांडीचा त्रास तिलाच होतो, पण तरुणपणी साठलेलं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

कॅडमियमची गोष्ट तर बायकांनी अधिक लक्षात ठेवावी अशी आहे. तो मूत्रपिंडात साठतो आणि दहा ते तीस वर्षं तिथून हलत नाही. शरीरात लोह कमी असलं की कॅडमियम जास्त शोषला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून अधिक जणींची दारं कॅडमियमसाठी थोडी जास्तच उघडी आहेत.

जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीच्या पाण्यात खाणीतलं कॅडमियम उतरलं, ते भातशेतीत गेलं आणि तिथल्या लोकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की कण्हणं हेच रोगाचं नाव पडलं: इताई-इताई, म्हणजे दुखतंय, दुखतंय. त्यात सगळ्यांत जास्त होत्या त्या मुलं झालेल्या, वय उतरलेल्या बायका. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. तिथे मात्रा खूप मोठी होती, आपल्या शेकोटीची तुलना तिच्याशी होत नाही. पण धातू माती-पाण्यातून अन्नात आणि अन्नातून बाईच्या हाडांत कसा जातो, ती वाट तीच आहे.

राखेवर आंधळा विश्वास नको, हे आपल्या गावाला कळायला हवं

राखेचं काय होतं हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही मोठी वीज केंद्रं आहेत. दगडी कोळसा जळतो आणि कोळशात अंशमात्र असलेले आर्सेनिक, पारा, शिसं यांसारखे धातू राखेत दाट होतात. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नदीनाल्यांत गेलं. तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्या वाचल्या, हळहळलो. पण त्याच दगडी कोळशाच्या शेगडीची राख आपल्याकडे पूर्वी भांड्यांना सर्रास वापरली जायची, कारण आपल्या भागात कोळसा सहज मिळायचा. आजही काही तंदूर आणि भट्ट्यांत दगडी कोळसाच असतो. लाकडाचा कोळसा आणि दगडी कोळसा यांत फरक आहे, तो विचारून घ्या.

कचऱ्याच्या राखेचं उदाहरण हवं असेल तर ते इंग्लंडमधलं आहे. न्यूकॅसल शहराच्या बायकर भागात कचरा जाळण्याची भट्टी होती. १९९४ ते १९९९ या काळात तिची सुमारे दोन हजार टन राख लोकांच्या भाजीच्या वाफ्यांमधल्या पायवाटांवर पसरली गेली. चिखल होत नाही, वाट कोरडी राहते, म्हणून. पुढे तपासणीत त्या राखेत शिसं, कॅडमियमसारखे धातू आणि डायॉक्सिन नावाची विषं सापडली. तिथल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असं लोकांना सांगावं लागलं आणि ती राख उचलावी लागली. ती राख पालिकेने, शहाण्या माणसांनी, उपयोगी आहे म्हणून पसरली होती. आपणही गुलाबाच्या आणि मिरचीच्या कुंडीत राख उपयोगी म्हणूनच घालतो. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या मातीतलं कॅडमियम चांगलं ओढून घेतात. गच्चीवरच्या घरच्या भाजीचा आपल्याला केवढा अभिमान असतो. तिच्या मातीत काय घातलं हे आपल्याला माहीत असायला हवं.

अचित्त आहे, पण निर्दोष आहे का?

काही जणींचं म्हणणं मला धर्माच्या बाजूने ऐकायला मिळतं. राख अचित्त आहे, तिच्यात जीव नाही, मग दोष कसला? मला वाटतं, अचित्त आणि निर्दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विषही अचित्त असतं, म्हणून ते कुणी पात्रात वाढत नाही.

आणि ही राख तयार होताना काय झालं, तेही पाहायला हवं. पानांच्या ढिगात किती मुंग्या, किती गोगलगायी, किती किडे असतात. अग्निकाय आणि वायुकायाची विराधना आहेच, वर हे त्रस जीव. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत दवाग्निदापन येतं, आग लावून रान साफ करण्याचा धंदा. आपण धंदा करत नाही, खरं आहे. पण गेटसमोरचा ढीग पेटवायला सांगताना हेतू तोच असतो, झटपट साफ व्हावं. कचरागाडीची वाट पाहायची नाही म्हणून केलेली ही हिंसा आपल्या आठव्या व्रतात, अनर्थदंडात बसते असं मला वाटतं.

आपले साधू एक साधी गोष्ट परठवायची असली तरी जागा पाहतात, जीव पाहतात, मगच परठवतात. पाच समितींमधली शेवटची समिती याच कामासाठी आहे. टाकून देणं हेसुद्धा सांभाळून करायचं काम आहे, हे ज्या धर्माने इतक्या बारकाईने सांगितलं, त्या धर्माच्या घरातला कचरा पेटवून द्यायचा, हे मला पटत नाही. धुराजवळ बसलेलं चौकीदाराचं मूल, दुसऱ्या दिवशी कोरडी राख झाडणारी सफाईवाली ताई, यांच्या फुप्फुसात जे जातं त्याचा हिशेब कुणाच्या नावावर? राखेत खेळून हात तोंडात घालणारं मूल आपलं नसतं, म्हणून ती राख कमी विषारी होत नाही.

मग करायचं काय?

राख सोडून द्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही. साबणाच्या पावडरीपेक्षा चांगली राख कितीतरी साधी. फक्त ती माहितीतली हवी. मी माझ्यापुरते आणि मंडळात सांगताना हे नियम धरते.

राख कोरड्या, न रंगवलेल्या, औषध न लावलेल्या लाकडाची किंवा गोवऱ्यांची असावी. त्यातही चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा किंवा रंगीत मासिकाचा कागद वापरत नाहीत ना, हे विचारावं. गावाकडे हे फार चालतं. शुद्ध लाकडाच्या राखेतही काही अंश धातू असतात, कारण झाड मातीतूनच वाढतं, पण ती गोष्ट वेगळी आणि कचऱ्याची राख वेगळी. ज्यांच्या माहेरी किंवा शेतावर अजून चूल आहे, अशा दोन-तीन मैत्रिणींनी चातुर्मासाआधी सगळ्यांसाठी राख आणून, तारीख आणि लाकूड लिहून स्थानकात ठेवली, तर प्रत्येकीला वणवण करावी लागणार नाही. शेकोटीची, इस्त्रीच्या दगडी कोळशाची, बांधकामावरच्या चुलीची राख घेऊच नये. राखेत चकाकणारे तुकडे, वितळून झालेले काळे गोळे, तारा दिसल्या तर ती लगेच बाजूला ठेवावी. पण काही दिसलं नाही म्हणजे ती चांगली, असं मात्र नाही.

अशी राख आधीच पडलेली असेल तर ती कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, नाका-तोंडाला रुमाल बांधा, जाड पिशवीत भरून तोंड बांधा आणि घरगुती घातक कचरा म्हणून गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. कुंडीत नाही, ओल्या कचऱ्यात नाही, नालीतही नाही, कारण आपली नाली शेवटी नाग नदीलाच मिळते.

घरात ओला आणि सुका या दोन डब्यांबरोबर एक छोटा तिसरा डबा ठेवा. सेल, सीएफएल आणि ट्यूब, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे, संपलेली औषधं त्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांत हा कचरा वेगळा देणं आपल्यावर बंधनकारक केलं होतं, आणि त्याच नियमांत कचरा उघड्यावर जाळायला मनाई होती. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई आकारायचा आदेश दिला. दंडाच्या भीतीने नको, पण सोसायटीच्या बैठकीत कुणी ऐकत नसेल तर हा आकडा उपयोगी पडतो.

आणि चौकीदाराला फक्त शेकोटी बंद कर म्हणून सांगू नका. आठ अंशांच्या रात्री हे सांगणं दयेचं नाही. सोसायटीच्या पैशातून त्याला चांगलं जाकीट, घोंगडी आणि केबिनला दार द्या. शक्य असेल तर विजेचा छोटा हीटर द्या. पानं जाळण्याऐवजी कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून साठवा; पावसाळ्यात ती आपोआप कुजतात आणि झाडांना खत मिळतं. 

शेवटचं म्हणजे ताटाकडे लक्ष द्या. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की शरीर शिसं कमी शोषतं. तीळ, नाचणी, हरभरा, दूध-दही, वरून लिंबू पिळलेली उसळ, हे आपल्या घरात चालणारंच अन्न आहे. आयंबिल-उपवासाच्या दिवसांनंतर पारणं नीट व्हावं, रक्ताची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. मुलींची आणि सुनांची आधी.

येत्या चातुर्मासात तुमच्या दारी गोचरीला साध्वीजी येतील आणि धोवनाविषयी विचारतील. तेव्हा तुम्ही राख कशाची आहे, कुठल्या चुलीतली आहे आणि कधीची आहे, हे तीनही सांगू शकाल, एवढी तयारी आत्तापासून करा. ज्यांच्याकडे शेतावरची चूल आहे त्यांनी खाली प्रतिक्रियेत लिहा, म्हणजे आपण मंडळात वाटणी ठरवू.

जय जिनेंद्र.